स्कॅनखोलीतला मॉडेम

हॉस्पिटलात तिला सगळे कॉम्प्युटरबाई म्हणायचे. अकरा वर्षांपूर्वी केसपेपर मशीनवर चढवायला तिला घेतलं होतं, तेव्हा टायपिंगपलीकडे तिला काही येत नव्हतं. मग युनिक्सच्या वळणाचं, माउसऐवजी टाइप केलेल्या आज्ञा ऐकणारं एक मशीन आलं, त्याच्यासोबत विटेएवढी चार पुस्तकं आली, आणि ती उघडायचं धाडस दुसऱ्या कुणी केलं नाही. ती पुस्तकं तिने घरी नेऊन, थोरल्या बहिणीच्या गुडघ्यांना शेक देता देता वाचून काढली. तेव्हापासून कुठलंही यंत्र बंद पडलं की हाक तिलाच. एकदा तर बाळंतिणींच्या वॉर्डातलं घड्याळही तिच्या टेबलावर येऊन पडलं होतं.

त्या वर्षी हॉस्पिटलात डोक्याचे स्कॅन काढणारं मशीन आलं. स्कॅन वाचणारा डॉक्टर मात्र आला नाही. जाहिराती देऊन झाल्या, दोघे येऊन गाव बघून गेले, आणि पुन्हा पत्र पाठवतो म्हणून जे गेले ते गेलेच. मेंदूचे डॉक्टर डोंगरापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात, घाटाने चार तासांवर. तेव्हा अधीक्षकांनी ठरवलं की डॉक्टर येत नसतील तर फोटो त्यांच्याकडे जातील. आयएसडीएनची लाइन मागवली. तार फोनचीच, पण तिच्यावरून आवाजाऐवजी आकडे धावतात आणि साध्या मॉडेमच्या दुपटीने धावतात, एवढं अधीक्षकांना कळलं होतं. उरलेलं कळून घ्यायचं काम कॉम्प्युटरबाईच्या गळ्यात पडलं.

मॉडेम आला तो डब्याएवढा, पांढरा, पुढे सहा दिवे. सोबतच्या फ्लॉपीत जो प्रोग्रॅम होता तो दुसऱ्याच जातीच्या मशीनचा. पुस्तिकेची चाळीस पानं माउस कुठे दाबायचा ते सांगत होती, आणि तिच्या मशीनचा तर कुठे उल्लेखही नव्हता. मॉडेम विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "बाई, ते तुमचं मशीन सोडा आणि साधं एखादं घ्या." स्कॅनच्या मशीनला दुसरं कुठलं चालत नव्हतं. तिने फोन ठेवला आणि बाह्या सरसावल्या.

नऊ दिवस त्या मॉडेमने तिच्या नाकी नऊ आणले. काही विचारलं की तो लगेच "ओके" म्हणायचा. नंबर फिरवायला सांगितलं की थोडा वेळ गप्प बसायचा आणि "नो कॅरियर", म्हणजे पलीकडे कुणी सापडलं नाही, असं म्हणून मोकळा व्हायचा. काही माणसं नसतात का, प्रत्येक कामाला हो म्हणतात आणि जागचे हलत नाहीत, तसला प्रकार. तिने पोर्टचा वेग बदलून पाहिला, केबल बदलली, एकदा दोन तास डोकं फोडल्यावर लक्षात आलं की आधीच्या प्रयत्नात मागे राहिलेली एक कुलूपफाइल पोर्ट अडवून बसली आहे. ती काढली, तरी पालथ्या घड्यावर पाणी.

लाइनमन तीनदा येऊन गेला. मान एका बाजूला वाकडी असलेला, अबोल माणूस. भिंतीवरची पेटी उघडायचा, मीटर लावायचा, आणि दर वेळी तेच सांगायचा. "माझी तार धुतल्या तांदळासारखी आहे, बाई. घोडं पेंड खातंय ते तुमच्या डब्यात." तिसऱ्या खेपेला त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. या बाजूला आलो होतो, म्हणून डोकावलो, म्हणाला.

या नऊ दिवसांत तिच्यासोबत खोलीत असायचा तो एक्सरेवाला. खोली त्याचीच. वीस वर्षं एक्सरे काढलेला आणि आता स्कॅन शिकलेला माणूस. फोटो बघून त्याला सगळं कळायचं, पण बोलायचा अधिकार नव्हता, म्हणून रिपोर्टच्या जागी तो फक्त वेळ आणि तारीख लिहायचा. त्याची बायको त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर शिवणखोलीत होती. हॉस्पिटलच्या चादरी, डॉक्टरांचे डगले, पडदे, सगळं तिच्या सुईखालून जायचं. दुपारी ती वर यायची, स्टुलावर बसायची आणि मॉडेमकडे बघून विचारायची, "ताई, बोललं का तुमचं मुकं?"

"नाही अजून."

"आमचे हे पण लग्नानंतर वर्षभर बोलले नव्हते. धीर धरा."

एक्सरेवाला पाठमोरा फिल्म लावत असायचा. त्याचे कान तेवढे लाल व्हायचे.

दहाव्या दिवशी सकाळी उलगडा झाला. जगात कुठे कुठे हीच यंत्रं वापरणाऱ्या माणसांच्या ईमेलच्या एका टपालयादीवर तिने प्रश्न टाकला होता; कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं होतं, सहा ओळींचं. हा मॉडेम मुळात एका भाषेत बोलतो आणि पलीकडचं यंत्र दुसऱ्या, त्याला भाषा बदलायला सांगा. शिवाय त्याला त्याचा स्वतःचा नंबर सांगा, नाहीतर एक्सचेंज त्याला ओळखत नाही. तिने काळ्या पडद्यावर हातानेच तीन आज्ञा टाइप केल्या. नंबर फिरवला. दोन सेकंदांत "कनेक्ट" आलं आणि पुढे चौसष्ट हजारांचा आकडा. पहिला फोटो मिनिटभरात डोंगर ओलांडून गेला, आणि पलीकडून मेंदूच्या डॉक्टरांचा फोन आला. "स्वच्छ दिसतंय. अगदी समोर धरल्यासारखं."

आता एकच काम उरलं होतं. मॉडेमला दिलेल्या त्या तीन आज्ञा त्याच्या पोटात कायमच्या साठवायच्या. त्याची आज्ञा चार अक्षरांची होती. ती न दिली तर वीज जाऊन आली की मॉडेम सगळं विसरतो आणि कारखान्यातून आला तसा कोरा होतो. हे तिला माहीत होतं. माहीत नव्हतं असं पुढे तिला कधीच म्हणता आलं नाही. ती टाइप करायला वळणार तेवढ्यात अधीक्षक चार पाहुण्यांना घेऊन आत आले, तिला मॉडेमशेजारी उभं करून फोटो काढला गेला, शिवणवालीने खालून नवाकोरा पांढरा रुमाल आणून मॉडेमखाली अंथरला. मग चहा. चहानंतर करू, असं तिने मनाशी म्हटलं. चहानंतर औषधांच्या खोलीतला प्रिंटर अडकला. दुसऱ्या दिवशी लाइन लागली, तिसऱ्या दिवशीही लागली. चालत्या गोष्टीला कशाला हात लावा, असं वाटायला लागलं आणि मग ते वाटणंही थांबलं.

आणखी एक गोष्ट होती. वीज गेली तरी मशीन चालू ठेवणाऱ्या बॅटरीच्या पेटीवरची सगळी भोकं भरलेली होती, म्हणून मॉडेमचा प्लग तिने सरळ भिंतीत लावला होता. तेवढ्यापुरता.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली होती. बहिणीची दाढ काढायची होती. त्याच सकाळी वीजवाल्याने वरच्या मजल्याचा जुना बोर्ड बदलायला अर्धा तास वीज बंद केली. तशी सूचना आदल्या दिवशी फलकावर लागली होती. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिला. मॉडेमचे सहा दिवे विझले आणि अर्ध्या तासाने पुन्हा लागले, पहिल्यासारखेच हिरवे.

साडेदहाच्या सुमाराला शिवणवाली वरच्या फळीवरची पडद्यांची चवड काढायला तिवईवर चढली होती. तिवई सरकली. पडताना लोखंडी कपाटाची कड डाव्या कानाच्या वर लागली. ती उठली, हसली, टेंगूळ चोळत म्हणाली की बरं झालं, कपाटाला पोचा नाही आला. पुन्हा मशीनवर बसून दोन चादरी शिवल्या. बाराला तिला मळमळलं. सव्वाबाराला ती मशीनवर डोकं टेकून झोपली आणि हलवलं तरी नीट उठेना.

स्कॅन तिच्या नवऱ्यानेच काढला. दुसरं कुणी नव्हतं. पडद्यावर कवटीच्या आत, डाव्या बाजूला, साकळलेल्या रक्ताचा, भिंगाच्या आकाराचा पांढरा डाग उमटला आणि त्याला जे कळायचं ते कळलं. सर्जनही शेजारी उभा होता. पोटाची ऑपरेशनं करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण कवटीला भोक त्याने आयुष्यात पाडलं नव्हतं. "पलीकडच्या डॉक्टरांना बघून सांगू दे," तो म्हणाला. "कुठे, किती, आत्ता इथेच की तिकडे नेऊन. मी अंदाजाने नाही करणार."

एक्सरेवाल्याने कॉम्प्युटरबाईने शिकवल्याप्रमाणे फोटो पाठवायचं बटण दाबलं. "नो कॅरियर". पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. फॅक्सने पाठवून पाहिलं, पलीकडे नुसता काळा ठिपका पोचला. फोनवर मेंदूचे डॉक्टर म्हणत राहिले, "मी न बघता कसं सांगू? फोटो पाठवा, काहीही करा." कॉम्प्युटरबाईच्या घरी फोन वाजत राहिला. शेवटी अॅम्ब्युलन्सवाला गावातले दातांचे दवाखाने शोधत निघाला. तिसऱ्या दवाखान्यात ती सापडली, बहिणीची पर्स मांडीवर घेऊन बसलेली.

"चला," तो म्हणाला. "तुमची लाइन गेलीय. शिवणवाल्या वहिनी पडल्यात."

पुढचं तिला तुटक आठवतं. अॅम्ब्युलन्समधला औषधांचा वास, जिना, खोलीच्या दारात उभी असलेली चार-पाच माणसं. एक्सरेवाला खुर्ची सोडून बाजूला झाला. तिने मशीनमधल्या फोनच्या नोंदी उघडल्या. पहिला नकार बारा चाळीसचा होता, त्यानंतर एकोणीस. आणि मग तिची नजर भिंतीतल्या प्लगवर गेली आणि तिथून शेजारच्या नव्या कोऱ्या बोर्डावर.

तिने तीन आज्ञा टाइप केल्या. चौथी, साठवायची, तीही केली. "कनेक्ट" आलं. घड्याळात दोन वाजून चार मिनिटं झाली होती. ती खोलीत शिरली ते बरोबर दोनला.

फोटो गेले, एकामागून एक. पाचवा जातानाच फोन वाजला. मेंदूचे डॉक्टर एवढंच म्हणाले, "आत्ता. इथे आणू नका. मी सांगतो तसं करा." सर्जनने फोनचा रिसीव्हर नर्सला आपल्या कानाशी धरायला लावला आणि ऑपरेशन केलं. ऑपरेशन उत्तम झालं, असं सगळे म्हणाले, आणि ते खरं होतं.

शिवणवालीने अकराव्या दिवशी डोळे उघडले. उजवा हात आणि उजवा पाय तिचे राहिले नव्हते. शब्दही गेले होते. एक "हे" उरलं होतं, आणि ते ती पाण्यालाही म्हणायची आणि नवऱ्यालाही.

त्या अकरा दिवसांत कुणी कॉम्प्युटरबाईला काही विचारलं नाही. उलट जो तो म्हणायचा की तुम्ही आलात म्हणून लाइन लागली. अधीक्षकांनी अहवाल लिहायला घेतला आणि त्यात एक वाक्य टाकलं, की दूरध्वनी खात्याच्या लाइनमधील बिघाडामुळे विलंब झाला. खात्याकडून लाइनमनला नोटीस गेली. ही बातमी तिला त्याच्याच तोंडून कळली. तो पेटी तपासायला आला होता, या वेळी हुकमाने आला होता, सोबत एक साहेब होता, आणि मीटर लावताना त्याची वाकडी मान जास्तच खाली गेली होती.

"तार चांगली आहे, साहेब," तो म्हणाला.

"आज चांगली आहे," साहेब म्हणाला. "त्या दिवशीचं बोला."

तो मीटरच्या तारा गुंडाळायला लागला. ती तिथेच, चार हातांवर उभी होती. तिने तोंड उघडलं नाही. ते दोघे गेल्यावर तिला स्वतःची एवढी किळस आली की नळाखाली मनगटं धरून ती कितीतरी वेळ उभी राहिली.

संध्याकाळी तिने बहिणीला सगळं सांगितलं. बहीण आरामखुर्चीत पाय लांब करून बसली होती. तिने ऐकून घेतलं.

"कुणी विचारलंय तुला?" मग ती म्हणाली.

"नाही."

"मग कशाला आगीत उडी घेतेस? तुझ्या सांगण्याने तिचा हात परत येणारे का?"

"त्या लाइनमनची नोकरी जाईल, ताई."

"त्याची जाईल की नाही ते माहीत नाही. तुझी नक्की जाईल. आणि मग मला कोण बघणार?" बहिणीचा आवाज चढला नव्हता. ती घाबरली होती, आणि घाबरली की ती अशीच हिशेबी बोलायची. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आधी आली असतीस तर वाचला असता का गं हात?"

"माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही."

"मग झालं तर. सांगता येत नाही."

पण तिचं झालं नाही. दुसऱ्या दिवशी अधीक्षकांच्या खोलीत जाण्याआधी ती स्कॅनखोलीत गेली. हे एक्सरेवाल्याने दुसऱ्या कुणाकडून ऐकू नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तो दिव्याच्या पेटीवर कुणाच्या तरी छातीचा फोटो बघत होता. तिने दार लोटलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. वीज गेली, मॉडेम विसरला, कारण मी ते साठवलंच नव्हतं. प्लग भिंतीत होता, तोही मीच लावला होता. तारेचा काही दोष नव्हता.

त्याने पेटीचा दिवा बंद केला.

"म्हणजे मी बटण दाबत होतो तेव्हा," तो म्हणाला, "मॉडेम चांगला होता?"

"हो."

"तार पण चांगली होती."

"हो."

"तीन ओळी टाइप करायच्या होत्या फक्त."

"हो, दादा."

त्याने पेटीवरचा फोटो काढून पाकिटात घातला. मग म्हणाला, "त्या तीन ओळी कागदावर लिहून इथे भिंतीला लावल्या असत्या, तरी मी टाइप केल्या असत्या. मला टाइप करता येतं, बाई."

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. आपल्याला आणखी काय काय करता आलं असतं याची यादी ती अकरा दिवस मनात करत होती, आणि हे त्या यादीत नव्हतं. खोलीतल्या दुसऱ्या माणसाला काही सांगून ठेवावं, एवढं साधं.

"तुम्ही जा आता," तो म्हणाला. "मला काम आहे."

अधीक्षकांनी तिला दोनदा खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही. "बाई, अहवाल पाठवून झालाय," ते म्हणाले. "तुम्ही दमलाय. घरी जा, दोन दिवसांनी बोलू." तिने सोबत आणलेला कागद टेबलावर ठेवला. त्यात नोंदींची छापील प्रत होती, आणि खाली तिच्या हस्ताक्षरात काय राहून गेलं ते होतं. "हे जोडा त्याला," ती म्हणाली. "नाहीतर मीच दूरध्वनी खात्याला पाठवते." अधीक्षक तिच्याकडे असे बघत राहिले, जणू तिने त्यांच्याच डोक्यात काही घातलंय. एका अर्थी ते खरंही होतं. पाहुण्यांना घेऊन ते त्या दिवशी आत आले नसते तर, असा विचार त्यांच्याही मनाला शिवला असणार.

लाइनमनची नोटीस मागे घेतली गेली. त्याने तिला कधी काही म्हटलं नाही. तिला वाटतं, त्याला पहिल्यापासून माहीत असावं. तिची नोकरी गेली नाही, पण मशीनं तिच्याकडून काढून घेतली आणि तिला तळघरातल्या जुन्या केसपेपरांवर बसवलं. जाण्यापूर्वी तिला दोन दिवस मिळाले. त्या दोन दिवसांत तिने तिन्ही आज्ञा मशीन फोन लावताना वाचतं त्या स्क्रिप्टमध्येच घातल्या, म्हणजे मॉडेम विसरला तरी दर वेळी त्याला नव्याने सांगितलं जाईल. रोज सकाळी सातला मशीन आपणहून एक फोटो पाठवून पोच तपासेल आणि पोच आली नाही तर घंटी वाजवेल, अशी व्यवस्था केली. प्लग बॅटरीवर नेला. आणि सगळं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवलं. ती चिकटवत होती तेव्हा एक्सरेवाला खोलीतच होता. त्याने कागद वाचला, एका ठिकाणी बोट ठेवून विचारलं, "हे शून्य आहे की ओ?" ती म्हणाली, शून्य. त्याने खिशातलं पेन काढून शून्यावर तिरकी रेघ मारली.

दोन महिन्यांनी ती त्यांच्या घरी गेली. आधी तीनदा निघून अर्ध्या वाटेतून परत आली होती. चौथ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. दार त्याने उघडलं. आत ये म्हणाला नाही, पण दारातून बाजूला झाला. खिडकीशी खुर्चीत शिवणवाली बसली होती, उजवा हात उशीवर ठेवलेला, केस कुणीतरी अगदी पुरुषी हाताने विंचरलेले. तिने कॉम्प्युटरबाईला ओळखलं. अर्धा चेहरा हसला.

"हे," ती म्हणाली. मग डावा हात हलवत, काहीतरी विचारल्यासारखं, "हे? हे?"

कॉम्प्युटरबाईने नवऱ्याकडे पाहिलं. काय विचारते आहे ते त्यालाही कळलं नसावं, किंवा कळलं असूनही त्याला सांगायचं नसावं. ती खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली आणि तिचा डावा हात हातात घेतला. हात उबदार होता.

निघताना दारात त्याने आवाज खाली आणून सांगितलं, "तिला सांगितलं नाहीये. ती अजून विचारते तुमच्याबद्दल. म्हणजे, मला वाटतं तुमच्याबद्दलच विचारते."

"मी येत जाऊ का, दादा? दिवसातून तासभर बसेन. तुम्ही कामावर असता."

त्याने विचार केला. खरोखर विचार केला, हे तिला दिसलं.

"नको," तो म्हणाला. "तिला बरं वाटेल. मला नाही सोसणार."

तिने मान हलवली आणि चपला घातल्या. दोन पायऱ्या उतरली असेल, तेवढ्यात तो मागून म्हणाला, "परवा घाटाखालचा एक ड्रायव्हर आणला होता. डोक्याला मार. नऊ मिनिटांत उत्तर आलं."

"वाचला?"

"वाचला," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

चार मजले ती कठड्याला धरून उतरली. खाली रस्त्यावर दुपारचं ऊन होतं. घरी बहीण वाट बघत असणार होती, आणि तळघरात आठ वर्षांपूर्वीचे केसपेपर लावायचे अजून बाकी होते.